सर्वनामे, इंग्रजी भाषेतील

इंग्रजी व्याकरणात परंपरेने मानलेल्या आठ शब्दजातींपैकी एक. नामाच्या ऐवजी येणारा शब्द तो सर्वनाम, ही तिची रूढ व्याख्या होय. ही व्याख्या ग्रीक-लॅटिन परंपरेतून आलेली आहे. डायोनिसियस थ्रॅक्स याच्या नावावर असलेल्या ग्रीक व्याकरणात ‘अँटोनिमिआ’ ही स्वतंत्र शब्दजाती सांगितली असून लॅटिन वैयाकरणांनी तिचे ‘प्रोनोमेन’, म्हणजे नामाऐवजीचा शब्द, असे भाषांतर केले. त्यावरून इंग्रजीतील ‘प्रोनाउन’ ही संज्ञा आली. मराठीत तिला प्रतिशब्द म्हणून रूढ झालेल्या ‘सर्वनाम’ या संस्कृत संज्ञेची घडण मात्र निराळी आहे. पाणिनीने सर्वनामाची अर्थावरून व्याख्या केलेली नाही. ‘सर्व’ हा शब्द ज्या गणाच्या आरंभी आहे, त्या गणातील शब्दांना त्याने ही संज्ञा दिली. कारण या शब्दांची विभक्तिरूपे इतर नामांहून वेगळी होतात. अर्थापेक्षा रूपावर भर देणारी ही दृष्टी इंग्रजी सर्वनामांच्या स्वरूपाशीही अधिक जुळते.

‘नामाऐवजी’ या व्याख्येची उणीव थोड्या विचाराने लक्षात येते. ‘आय’ (मी) आणि ‘यू’ (तू, तुम्ही) ही सर्वनामे कोणत्याच नामाची जागा घेत नाहीत. बोलणारा स्वतःचे नाव टाळून ‘आय’ म्हणतो असे नाही, तर बोलण्याच्या प्रसंगातील आपली भूमिका तो त्या शब्दाने दर्शवितो. ‘नोबडी’ (कोणीही नाही) हा शब्द ज्याच्या ऐवजी यावा, असे नामच नसते. शिवाय ‘ही’, ‘शी’ यांसारखी सर्वनामे एकट्या नामाच्या नव्हे, तर संपूर्ण नामपदबंधाच्या जागी येतात. ‘दि ओल्ड मॅन’ याऐवजी ‘ही’ येते. ‘दि ओल्ड ही’ अशी रचना होत नाही. तरीही ही व्याख्या शालेय पुस्तकांत टिकून आहे, कारण ती सांगावयास सोपी आहे.

सर्वनामे हा मर्यादित शब्दांचा, नवी भर सहसा न पडणारा वर्ग आहे. त्याचे प्रकार किती, याविषयी वैयाकरणांत एकमत नाही. पुरुषवाचक, स्वामित्ववाचक, आत्मवाचक, परस्परवाचक, दर्शक, प्रश्नार्थक, संबंधी व अनिश्चित असे आठ प्रकार सर्वसाधारणपणे मानले जातात. मराठी व्याकरणात पुरुषवाचक, दर्शक, संबंधी, प्रश्नार्थक, सामान्य व आत्मवाचक असे सहा प्रकार रूढ आहेत. दादोबा पांडुरंग तर्खडकर यांच्या १८३६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या व्याकरणापासून मराठी व्याकरणलेखनावर इंग्रजी व्याकरणाच्या मांडणीचा ठसा उमटलेला असल्यामुळे दोन्ही याद्या सारख्या वाटतात. परंतु नावे सारखी असली, तरी त्यांखालील व्यवहार पुष्कळदा भिन्न असतो. मराठी भाषकाच्या इंग्रजीतील अडचणींचे मूळ बव्हंशी येथे आहे.

पुरुषवाचक सर्वनामे : हा सर्वांत महत्त्वाचा प्रकार होय. इंग्रजी नामांची विभक्तिरूपे काळाच्या ओघात जवळजवळ लोपली. पुरुषवाचक सर्वनामांत मात्र कर्त्याचे रूप व कर्माचे रूप हा जुना भेद अजून जिवंत आहे. ‘आय’–‘मी’, ‘वी’–‘अस’, ‘ही’–‘हिम’, ‘शी’–‘हर’, ‘दे’–‘देम’ या जोड्यांतील पहिले रूप कर्त्याच्या जागी आणि दुसरे कर्माच्या जागी किंवा शब्दयोगी अव्ययासोबत येते. ‘यू’ व ‘इट’ यांना एकच रूप आहे. मराठी विद्यार्थ्याच्या वाट्याला येथे एक गमतीदार योगायोग येतो : इंग्रजीतील ‘मी’ हे बोलणाऱ्याचेच सर्वनाम असले, तरी ते मला या अर्थी कर्माच्या जागी येते, आणि इंग्रजीतील ‘ही’ पुरुषासाठी, तर मराठीतील ‘ही’ स्त्रीसाठी असते.

कर्त्याचे रूप कोठे व कर्माचे कोठे, हा वाद अठराव्या शतकापासून चालत आला आहे. दार उघडण्यापूर्वी कोण आहे असे विचारले असता उत्तर ‘इट इज आय’ द्यावे की ‘इट्स मी’? लॅटिनच्या नियमानुसार ‘असणे’ या क्रियापदानंतर कर्त्याचीच विभक्ती येते. रॉबर्ट लाउथ (१७१०–८७) याचे १७६२ मधील व्याकरण आणि लिंडली मरी (१७४५–१८२६) याचे १७९५ मधील व्याकरण यांच्या परंपरेत वाढलेल्या शिक्षकांनी म्हणून ‘इट इज आय’ हेच शुद्ध ठरविले. पण इंग्रजी बोलणारे ‘इट्स मी’ म्हणत राहिले आणि आजची व्याकरणे तेच स्वाभाविक रूप मानतात. या शिकवणुकीचा एक उलट परिणाम असा झाला, की ‘मी’ हे रूपच काहीसे गावंढळ आहे, असा समज पसरला आणि ‘बिट्वीन यू अँड मी’ या निर्दोष रचनेऐवजी ‘बिट्वीन यू अँड आय’ असे म्हणण्याकडे कल वाढला. ही चूक अशिक्षितांची नव्हे. शुद्धतेच्या धाकात वाढलेल्या सुशिक्षितांची आहे.

प्राचीन इंग्रजीत सर्वनामांचा संसार याहून मोठा होता. एकवचन व अनेकवचन यांखेरीज प्रथम व द्वितीय पुरुषांत द्विवचनही होते : ‘वित’ म्हणजे आम्ही दोघे, ‘यित’ म्हणजे तुम्ही दोघे. संस्कृत जाणणाऱ्या वाचकाला त्याचे नवल वाटणार नाही. ही रूपे तेराव्या शतकापर्यंत लोपली. तृतीय पुरुषी अनेकवचनाची मूळची ‘ह’काराने सुरू होणारी रूपे उच्चारात एकवचनाशी मिळतीजुळती होऊ लागली आणि घोटाळा टाळणे कठीण झाले. इंग्लंडच्या उत्तर व पूर्व भागांत वसलेल्या स्कँडिनेव्हियन लोकांच्या बोलीतून ‘दे’, ‘देम’, ‘देअर’ ही रूपे उत्तरेकडील इंग्रजीत शिरली व हळूहळू दक्षिणेकडे सरकली. जेफ्री चॉसर (मृत्यू १४००) याच्या लेखनात ‘दे’ आढळते. परंतु कर्माच्या व स्वामित्वाच्या जागी जुनी ‘हेम’ व ‘हिर’ हीच रूपे येतात. एखाद्या भाषेने परभाषेतून नामे घेणे ही नित्याची गोष्ट आहे. सर्वनामे घेणे ही फार विरळा. आजच्या इंग्रजी बोलण्यात ‘देम’ऐवजी जे तुटक ‘एम’ ऐकू येते, ते ‘देम’चे संक्षिप्त रूप नसून त्या जुन्या ‘हेम’चा अवशेष आहे. ‘इट’चे स्वामित्वदर्शक ‘इट्स’ हे रूप तर याहून अर्वाचीन आहे. ते सोळाव्या शतकाच्या अखेरीस लेखनात दिसू लागते आणि १६११ च्या अधिकृत बायबलच्या पहिल्या आवृत्तीत ते आढळत नाही. निर्जीव वस्तूंसाठीही तेथे ‘हिज’ वापरले आहे.

आदर व दर्जा : द्वितीय पुरुषात पूर्वी एकवचनी ‘दाउ’ (कर्मरूप ‘दी’) आणि अनेकवचनी ‘यी’ (कर्मरूप ‘यू’) असे स्वतंत्र शब्द होते. फ्रेंचच्या प्रभावामुळे तेराव्या शतकापासून एका वरिष्ठ व्यक्तीलाही अनेकवचनाने संबोधण्याची रीत आली. ‘दाउ’ हे जवळिकीचे किंवा कनिष्ठाचे, तर ‘यू’ हे आदराचे संबोधन ठरले. मराठीतील ‘तू’ आणि ‘तुम्ही’ यांच्याशी हा भेद बराच जुळता आहे. ‘दाउ’चा उपयोग अपमानासाठीही होई. १६०३ मध्ये सर वॉल्टर रॅले याच्यावर राजद्रोहाचा खटला चालला, तेव्हा सरकारी बाजू मांडणाऱ्या एडवर्ड कुक याने भर न्यायालयात त्याला ‘दाउ’ असे मुद्दाम बजावून संबोधले; हा प्रसंग इंग्रजी सर्वनामांच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. उलट, जॉर्ज फॉक्स (१६२४–९१) याच्या अनुयायांनी, म्हणजे क्वेकर पंथीयांनी, ईश्वरापुढे सर्व माणसे समान असल्यामुळे न्यायाधीशालाही ‘दाउ’च म्हणावयाचे, असा निश्चय केला आणि त्यापायी मारहाण व तुरुंगवास सोसला. पुढे सामान्य व्यवहारातून ‘दाउ’ नाहीसे झाले. तथापि समतेचा विजय ‘दाउ’ने झाला नाही. सर्वांनाच आदरार्थी ‘यू’ लागू झाल्याने भेद मिटला. ‘यी’ हे कर्तृरूपही गळाले आणि मूळचे कर्मरूप, मूळचे अनेकवचन असलेले ‘यू’ आज एकटे सर्व कामे करते. रॉजर ब्राउन व ॲल्बर्ट गिल्मन यांनी १९६० मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात युरोपीय भाषांतील अशा सर्वनामांची सत्ता आणि सलगी या दोन तत्त्वांच्या आधारे मीमांसा केली आहे.

इंग्रजी कादंबरी वा नाटक मराठीत आणणाऱ्या भाषांतरकाराला हा लोप चांगलाच जाणवतो. दोन पात्रे आरंभापासून अखेरपर्यंत परस्परांना ‘यू’च म्हणतात, मराठीत मात्र ती केव्हा ‘तुम्ही’वरून ‘तू’वर आली, हे भाषांतरकारालाच ठरवावे लागते. प्रथम पुरुषी अनेकवचनाचेही तसेच आहे. ऐकणाऱ्याला वगळणारे ‘आम्ही’ व त्याला सामावून घेणारे ‘आपण’ हा मराठीतील भेद इंग्रजी ‘वी’त नाही. त्याची एक अंधुक खूण ‘लेट अस गो’ आणि ‘लेट्स गो’ या दोन रचनांत उरली आहे : पहिलीचा अर्थ आम्हाला जाऊ द्या असा होऊ शकतो, दुसरीचा अर्थ केवळ चला, आपण जाऊ असाच होतो.

लिंग : मराठीत नामाला व्याकरणिक लिंग असते व सर्वनाम त्याला अनुसरते; दगडाला ‘तो’, नदीला ‘ती’, झाडाला ‘ते’. इंग्रजीत नामाला असे लिंग नाही. पुरुषासाठी ‘ही’, स्त्रीसाठी ‘शी’ आणि उरलेल्या सर्वांसाठी ‘इट’ अशी केवळ नैसर्गिक भेदावर आधारलेली वाटणी आहे. जहाजाला ‘शी’ म्हणणे किंवा तान्ह्या बालकाला ‘इट’ म्हणणे, हे अपवाद. दुसरीकडे, मराठीत क्रियापदावरूनही लिंग कळते. ‘मी गेलो’ व ‘मी गेले’ यांत बोलणारा कोण हे उघड होते. इंग्रजी ‘आय वेंट’मध्ये ते कळत नाही. इंग्रजीत लिंगदर्शनाचा सगळा भार तृतीय पुरुषी एकवचनाच्या सर्वनामावर पडतो आणि म्हणूनच व्यक्ती पुरुष की स्त्री हे ठाऊक नसेल, तेव्हा कोणते सर्वनाम वापरावे, हा प्रश्न इंग्रजीत तीव्र होतो. मराठीतही ‘तो’ की ‘ती’ ही अडचण आहेच, पण ‘ते’, ‘त्यांनी’ अशा आदरार्थी अनेकवचनाची वाट मराठीला मोकळी असते.

या प्रश्नाचे परिणाम व्याकरणापुरते मर्यादित राहिले नाहीत. ब्रिटिश पार्लमेंटने १८५० मध्ये केलेल्या एका अधिनियमाने कायद्यांतील पुल्लिंगी शब्दांत स्त्रियांचाही समावेश होतो, असा अर्थनियम घालून दिला. या नियमाच्या बळावर मँचेस्टर येथील हजारो स्त्रियांनी मतदारयादीत नाव नोंदविण्याची मागणी केली. परंतु १८६८ मध्ये ‘चॉर्लटन विरुद्ध लिंग्ज’ या खटल्यात न्यायालयाने ती फेटाळली. दंड भरताना व शिक्षा भोगताना पुल्लिंगात स्त्री सामावली जाई. हक्क मागताना ती बाहेर राही. भारतातही असेच घडले. भारतीय दंड संहितेच्या (१८६०) आठव्या कलमाने ‘ही’ हे सर्वनाम व त्याची साधित रूपे पुरुष वा स्त्री अशा कोणत्याही व्यक्तीस लागू केली होती आणि सर्वसाधारण परिभाषा अधिनियमाच्या (१८९७) तेराव्या कलमातही, विषयाशी वा संदर्भाशी विसंगत नसेल तेथे, पुल्लिंगी शब्दांत स्त्रियांचा समावेश केलेला आहे. तरीही कायद्याची पदवी मिळविलेल्या रेजिना गुहा यांचा वकिली करण्यासाठीचा अर्ज कलकत्ता उच्च न्यायालयाने १९१६ मध्ये नाकारला. संबंधित कायद्याचा एकूण रोख पुरुषांकडेच आहे, असे मानले गेले. नासिक येथे जन्मलेल्या व पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेल्या कॉर्नेलिया सोराबजी (१८६६–१९५४) यांनी ऑक्सफर्ड येथे कायद्याची परीक्षा १८९२ मध्ये दिली होती. वकील म्हणून त्यांची नोंद अलाहाबाद येथे १९२१ मध्ये झाली. स्त्रियांवरील ही बंदी देशभर उठण्यास १९२३ चा स्वतंत्र अधिनियम करावा लागला. ‘ही’मध्ये ‘शी’ अंतर्भूत आहे, हे व्याकरणाचे आश्वासन न्यायालयात किती टिकते, याचा हा बोलका पुरावा होय. भारतीय दंड संहितेची जागा १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेने (२०२३) घेतली असून तीत ‘ही’ या सर्वनामाच्या व्याप्तीत पुरुष व स्त्री यांच्याबरोबर तृतीयपंथी व्यक्तीचाही उल्लेख केला आहे.

लोकव्यवहाराने यावर स्वतःचा तोडगा फार पूर्वी काढला होता. ‘समबडी हॅज लेफ्ट देअर अंब्रेला’ (कोणीतरी आपली छत्री विसरले आहे) यांसारख्या वाक्यांत अनिश्चित एका व्यक्तीसाठी ‘दे’ वापरण्याची रीत चौदाव्या शतकापासून आढळते. शेक्सपिअर व जेन ऑस्टिन यांच्या लेखनातही ती आहे. एकवचनाला अनेकवचनी सर्वनाम कसे चालेल, असा आक्षेप अठराव्या शतकापासूनच्या वैयाकरणांनी घेतला. पण ज्या भाषेत अनेकवचनी ‘यू’ एका व्यक्तीसाठी बिनतक्रार चालते, तिच्यात हा आक्षेप फारसा भक्कम म्हणता येत नाही. नवे सर्वनाम घडविण्याचे प्रयत्नही झाले. अमेरिकेत चार्ल्स कॉन्व्हर्स याने १८८४ मध्ये ‘थॉन’ हा शब्द सुचविला. तो १९३४ च्या वेब्स्टर कोशात समाविष्ट झाला, परंतु १९६१ च्या आवृत्तीतून वगळला गेला. कोशात शब्द घालता येतो. सर्वनाम रूढ करणे त्याहून अवघड असते. स्त्री वा पुरुष यांपैकी कोणतीच ओळख न स्वीकारणाऱ्या ज्ञात व्यक्तीसाठी एकवचनी ‘दे’ वापरण्याची पद्धत एकविसाव्या शतकात वाढली आणि मेरिअम-वेब्स्टर कोशाने २०१९ मध्ये या अर्थाची नोंद केली. तिच्याविषयी इंग्रजी भाषकांत मतभेद आहेत.

स्वामित्ववाचक व आत्मवाचक सर्वनामे : स्वामित्वाची दोन रूपे आहेत. ‘माय’, ‘युअर’, ‘हर’, ‘देअर’ ही नामापूर्वी येतात, तर ‘माइन’, ‘यूअर्स’, ‘हर्स’, ‘देअर्स’ ही स्वतंत्रपणे येतात. पहिल्या गटाला जुनी व्याकरणे विशेषणे म्हणतात. ‘हिज’ दोन्ही कामे करते. ‘इट्स’ हे स्वामित्वदर्शक रूप लिहिताना लोपचिन्ह देत नाहीत. ते दिल्यास ‘इट इज’ असा अर्थ होतो. ही चूक इंग्रजी मातृभाषा असणाऱ्यांच्याही हातून सतत होते.

आत्मवाचक सर्वनामे ‘सेल्फ’ वा ‘सेल्व्ह्ज’ जोडून होतात : ‘मायसेल्फ’, ‘हिमसेल्फ’, ‘देमसेल्व्ह्ज’. प्रथम व द्वितीय पुरुषात स्वामित्वाच्या, तर तृतीय पुरुषात बव्हंशी कर्माच्या रूपाला प्रत्यय लागतो, ही विसंगती इतिहासाने ठेवलेली आहे. ‘ही सॉ हिम’ व ‘ही सॉ हिमसेल्फ’ यांत अर्थभेद स्पष्ट आहे. पहिल्यात पाहिलेला माणूस दुसरा कोणीतरी असतो, दुसऱ्यात तो स्वतःच. नोम चॉम्स्की यांनी १९८१ मध्ये मांडलेल्या बंधन-सिद्धांतात याच भेदाला मध्यवर्ती स्थान मिळाले. मात्र स्वामित्वाच्या बाबतीत इंग्रजी हा भेद करीत नाही. ‘पीटर टोल्ड जॉन दॅट ही हॅड लॉस्ट हिज बुक’ या वाक्यात पुस्तक पीटरचे, जॉनचे की तिसऱ्याच कोणाचे, हे केवळ शब्दांवरून सांगता येत नाही. मराठीत ‘त्याने आपले पुस्तक हरवले’ व ‘त्याने त्याचे पुस्तक हरवले’ असा भेद करता येतो, जरी अलीकडच्या मराठी लेखनात इंग्रजीच्या वळणाने ‘आपले’च्या जागी ‘त्याचे’ घालण्याची सवय वाढली आहे. या बाबतीत मराठीची सोय सोडून इंग्रजीची गैरसोय पत्करण्यास सबळ कारण दिसत नाही.

परस्परवाचक सर्वनामे दोनच : ‘ईच अदर’ व ‘वन अनदर’. पहिले दोघांसाठी व दुसरे दोहोंपेक्षा अधिकांसाठी, हा शालेय नियम प्रत्यक्ष वापरात पाळला जात नाही.

संबंधी सर्वनामे : ‘हू’ (कर्मरूप ‘हूम’, स्वामित्वरूप ‘हूज’), ‘व्हिच’ व ‘दॅट’ ही गौण वाक्य मुख्य वाक्यातील नामाशी जोडतात. ‘हू’ व्यक्तींसाठी, ‘व्हिच’ वस्तूंसाठी व प्राण्यांसाठी आणि ‘दॅट’ दोहोंसाठी येते. मराठीत ‘जो... तो’ अशी जोडी लागते व संबंधी वाक्य सहसा आधी येते. इंग्रजीत ते नामाच्या पाठोपाठ येते व ‘तो’ला प्रतिरूप नसते. ‘जे पुस्तक तू दिलेस ते मी वाचले’ याचे शब्दशः इंग्रजी करणारा विद्यार्थी ‘व्हिच बुक’ने वाक्य सुरू करतो व अडतो. एवढेच नव्हे, तर कर्माच्या जागी असलेले संबंधी सर्वनाम इंग्रजीत गाळताही येते : ‘दि बुक यू गेव्ह मी’. मराठीत ‘जे’ गाळावयाचे झाल्यास ‘तू दिलेले पुस्तक’ अशी धातुसाधिताची रचनाच करावी लागते.

मर्यादा घालणारे व केवळ अधिक माहिती देणारे संबंधी वाक्य हा भेद इंग्रजी लेखनात स्वल्पविरामाने दर्शवितात. ‘दि वर्कर्स हू वेअर ऑन स्ट्राइक वेअर डिसमिस्ड’ याचा अर्थ जे कामगार संपावर होते तेवढेच काढले गेले. याच वाक्यात ‘हू’पूर्वी आणि ‘स्ट्राइक’नंतर स्वल्पविराम दिल्यास सर्वच कामगार संपावर होते व सर्वच काढले गेले, असा अर्थ होतो. करारनामे व आदेश यांत हा स्वल्पविराम म्हणूनच क्षुल्लक नसतो. मर्यादा घालणाऱ्या वाक्यात ‘दॅट’ चालते, दुसऱ्या प्रकारात चालत नाही. ‘हूम’ हे रूप बोलण्यातून झपाट्याने मागे पडत असून शब्दयोगी अव्ययाच्या लगेच नंतर मात्र ते अजून आवश्यक मानले जाते.

इतर प्रकार : दर्शक सर्वनामे ‘दिस’, ‘दॅट’, ‘दीज’, ‘दोज’ ही जवळ-दूर व एक-अनेक या दोन भेदांवर उभी आहेत, मराठीतील ‘हा’ व ‘तो’ यांप्रमाणे त्यांना लिंगभेद नाही. प्रश्नार्थकांपैकी ‘व्हिच’ ठराविक पर्यायांतून निवड विचारते, तर ‘व्हॉट’ला तशी मर्यादा नसते. अनिश्चित सर्वनामे ‘सम’, ‘एनी’, ‘नो’, ‘एव्हरी’ यांना ‘बडी’, ‘वन’, ‘थिंग’ जोडून होतात. त्यांपैकी ‘सम’ची रूपे सामान्यतः होकारार्थी वाक्यात, ‘एनी’ची नकारार्थी व प्रश्नार्थक वाक्यात येतात. ‘नोबडी’सारख्या शब्दात नकार अंतर्भूत असल्यामुळे प्रमाण इंग्रजीत क्रियापद होकारार्थीच ठेवावे लागते, ‘कोणीही आले नाही’ या मराठी घडणीच्या सवयीने तेथे दुहेरी नकार होण्याचा संभव असतो. ‘इट’चा आणखी एक उपयोग ध्यानात घेण्याजोगा आहे. ‘इट इज रेनिंग’ या वाक्यात ‘इट’ कशाच्याही ऐवजी आलेले नाही. इंग्रजी वाक्याला कर्त्याची जागा रिकामी ठेवता येत नाही, म्हणून ते तेथे येते. मराठीत पाऊस स्वतःच कर्ता होऊन पडतो.

सर्वनाम ही स्वतंत्र शब्दजाती मानावी की नाही, यावरही विचार झाला आहे. पॉल पोस्टल यांनी १९६६ मध्ये ‘वी लिंग्विस्ट्स’, ‘यू बॉइज’ यांसारख्या रचनांकडे लक्ष वेधून, पुरुषवाचक सर्वनामे ही वस्तुतः उपपदांच्या वर्गातील आहेत, अशी उपपत्ती मांडली. क्वर्क, ग्रीनबॉम, लीच व स्वार्टव्हिक यांच्या १९८५ मधील बृहद्‌व्याकरणात सर्वनामे हा स्वतंत्र वर्ग ठेवलेला आहे. हडल्स्टन व पुलम यांच्या २००२ मधील व्याकरणात मात्र तो नामांचाच एक पोटवर्ग मानला आहे, तर ‘दिस’, ‘दॅट’, ‘सम’ यांसारख्या शब्दांची गणना निर्धारकांत केली आहे.